गडाखालचे रुग्णालय

विश्रामबागेहून मिरजेकडे जाताना वानलेसवाडी लागते. या वस्तीच्या नावात एका डॉक्टरांचे स्मरण साठविलेले आहे. त्याचे मोल ध्यानी यावे म्हणून आपण क्षणभर जर्मनीतील मारबुर्ग या छोट्या नगरात जाऊ.

लान नदीकाठी टेकडीवर मध्ययुगीन गड, उतारावर अरुंद गल्ल्या, असे हे नगर. प्रवाशाची दृष्टी प्रथम गडाकडे वळते. परंतु नगराची कीर्ती जन्मली ती खाली, तटाबाहेर. हंगेरीच्या राजाची कन्या एलिझाबेथ हिचा जन्म १२०७ चा. थुरिंगियाचा अधिपती लुडविग याच्याशी तिचा विवाह झाला व वार्टबुर्गचा गड तिचे घर बनला. १२२७ मध्ये धर्मयुद्धास निघालेला लुडविग वाटेतच निवर्तला. विसाव्या वर्षी विधवा झालेली ही राणी १२२८ साली मारबुर्गला आली, संत फ्रान्सिसच्या नावे रुग्णालय उभारून स्वहस्ते रोग्यांची शुश्रूषा करू लागली. १७ नोव्हेंबर १२३१ रोजी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती प्रभूघरी गेली. १२३५ मध्ये ख्रिस्तसभेने तिला संतपद दिले. त्याच वर्षी तिच्या थडग्यावर भव्य मंदिराचे काम सुरू झाले.

पुढे १५२९ मध्ये वरच्या गडात ल्यूथर व झ्विंग्ली ख्रिस्तशरीराच्या संस्काराविषयी वाद करण्यास बसले आणि एकमत न होताच उठले. एलिझाबेथचे मंदिरही आज प्रॉटेस्टंट बंधूंचे आहे. तरी तिचे नाव दोन्हीकडे आदरानेच घेतले जाते.

आता आपल्या कृष्णाखोऱ्यातील मिरज पाहा. १६६० च्या सुमारास शिवाजी महाराजांनी येथील किल्ल्यास वेढा घातला होता. १७३९ मध्ये शाहू महाराजांनी तो जिंकला. ज्या तटासाठी इतके रक्त सांडले, तो आज ढासळला आहे. परंतु १८८९ साली भारतात आलेले प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले आणि मिरजेचे नाव दूरवरच्या रोग्यांच्या तोंडी झाले.

ते कॅथलिक नव्हते. पण अंतिम न्यायाच्या वेळी प्रभू रोग्याच्या सेवेविषयी विचारील, पंथाविषयी नव्हे. गड शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधतात, रुग्णालय परक्याला आत घेण्यासाठी. वानलेसवाडीवरून जाताना आपल्या मुलांना किल्ल्याच्या कथेबरोबर हीही कथा अवश्य सांगावी.