मॉरिशसचा किनारा निवडताना

मॉरिशसच्या सहलीचे पॅकेज ठरवताना बहुतेक कुटुंबांत चर्चा होते ती हॉटेलच्या ताऱ्यांची, न्याहारी-जेवणाची आणि विमानाच्या वेळांची. हॉटेल बेटाच्या नेमक्या कोणत्या बाजूला आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद अशा या लहानशा बेटावर एकाच दिवशी, एकाच वेळी एका बाजूचा समुद्र तळ्यासारखा शांत असतो, तर दुसऱ्या बाजूला वाऱ्याने वाळू अंगावर उडत असते. काही ठिकाणी तर पाण्यात पाऊल टाकणेही धोक्याचे असते. ज्यांच्यासोबत लहान मुले आहेत किंवा ज्यांना पोहता येत नाही (आणि आपल्याकडच्या पर्यटकांत अशांचीच संख्या मोठी असते), त्यांच्यासाठी किनाऱ्याची निवड हा केवळ हौसेचा विषय राहत नाही.

या फरकाचे मूळ बेटाच्या जन्मात आहे. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट असून त्याचे वय साधारण ऐंशी ते नव्वद लाख वर्षे मानले जाते. पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्रोतामुळे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचे पठार आणि सह्याद्रीचे कातळ तयार झाले, त्याच स्रोताने पुढे मॉरिशस घडवले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि स्रोत मागे राहिला. आज तो शेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगतो आहे. म्हणूनच मॉरिशसच्या दक्षिणेकडे रोचेस्टर धबधब्यापाशी बेसॉल्टचे षटकोनी खांब पाहताना मुंबईकराला अंधेरीच्या गिल्बर्ट हिलची आठवण झाली, तर त्यात नवल नाही.

मग कातळ काळा असताना वाळू पांढरी कशी? कारण ती ज्वालामुखीची नाहीच. बेट निवल्यानंतर त्याच्याभोवतीच्या उथळ, उबदार पाण्यात प्रवाळ वाढले आणि जवळजवळ संपूर्ण बेटाला त्यांच्या भिंतीचा वेढा पडला. प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा म्हणजेच ही पांढरी वाळू. ही भिंत उघड्या समुद्राच्या लाटा बाहेरच अडवते आणि आतल्या बाजूला उथळ, निवांत पाणी उरते. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला आपण खारकच्छ म्हणून शिकलो, तेच हे ‘लगून’. मॉरिशसच्या समुद्राची सगळी ख्याती या भिंतीच्या आतल्या पाण्याची आहे.

मात्र ही भिंत अखंड नाही. प्रवाळाला खारे, स्वच्छ पाणी लागते. जिथे नदी गोडे पाणी आणि गाळ घेऊन समुद्राला मिळते, तिथे तो वाढत नाही आणि भिंतीला खिंडार पडते. भिंतीवरून लाटांबरोबर आत आलेले पाणी याच खिंडारांतून बाहेर पडते. त्यामुळे खिंडाराजवळ बाहेर ओढणारा प्रवाह असतो आणि तो वरून पाहणाऱ्याला जाणवतोच असे नाही. किनाऱ्यावर उभे राहून दूरवर पाहावे. पांढऱ्या फेसाची सलग रेघ दिसली, तर भिंत शाबूत आहे. ती रेघ जिथे तुटते आणि गडद निळे पाणी थेट किनाऱ्याकडे आलेले दिसते, तिथून दूर राहावे. जिथे रेघच नाही आणि लाटा सरळ किनाऱ्यावर आदळतात, तिथे पोहण्याचा विचारच नको.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. येथे वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि जून ते सप्टेंबर या तेथील हिवाळ्यात त्यांचा जोर सर्वाधिक असतो. तेव्हा पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर वारा बोचतो. मध्यावरच्या डोंगर-पठारामुळे पश्चिम आणि वायव्य किनारा मात्र आडोशाला राहतो. मे-जूनच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी पश्चिम किंवा उत्तर बाजू घ्यावी, हे त्यामुळेच. नोव्हेंबरनंतर, तेथील उन्हाळ्यात, हाच पूर्वेचा वारा सुखद वाटू लागतो.

कोणता किनारा कोणासाठी?

पश्चिमेचा फ्लिक अँ फ्लाक हा आपल्या कुटुंबांसाठी सर्वांत बिनधोक पर्याय म्हणता येईल. लांबलचक वाळू, मागे सुरूची झाडे, समोर लगून आणि संध्याकाळी समुद्रात बुडणारा सूर्य. मे-जूनमध्ये तो पावणेसहाच्या सुमारासच मावळतो, हे भटकंतीचे वेळापत्रक आखताना ध्यानात ठेवावे. सुरूच्या सावलीत रविवारी स्थानिक कुटुंबे डबे घेऊन येतात, तेव्हा कोकणात आल्याचा भास होतो. तो अगदीच निराधारही नाही. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून आलेल्यांत कोकणातले लोकही होते, त्यांच्या वंशजांनी मराठी जपली आहे आणि गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

त्याच किनाऱ्यावर थोड्याच अंतरावर असलेला तामारँ मात्र वेगळा. येथे नदी समुद्राला मिळते, भिंतीत खिंडार आहे, वाळू करडी आहे आणि लाटा सर्फिंग करणाऱ्यांच्या पसंतीच्या. सकाळी बोटीतून डॉल्फिन पाहण्यासाठी यावे. मुलांना डुंबायला येथे आणू नये.

नैर्ऋत्य टोकाचा ल मॉर्न हा सर्वांत देखणा किनारा, असे माझे मत. ५५६ मीटर उंचीच्या कातळी डोंगराच्या आश्रयाने पळून आलेले गुलाम लपत असत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन आलेल्या शिपायांना पाहून, ते धरायलाच आले असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आख्यायिका सांगितली जाते. युनेस्कोने २००८ मध्ये या परिसराला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. पश्चिमेकडील वाळूवर पाणी शांत असते. टोकाच्या दक्षिण बाजूला वारा भन्नाट असल्याने ती जागा काइटसर्फिंगवाल्यांची. माहितीपत्रकात झळकणारा ‘पाण्याखालचा धबधबा’ येथलाच, पण तो वाळू आणि गाळाच्या प्रवाहाने निर्माण केलेला दृष्टिभ्रम असून केवळ आकाशातून दिसतो. किनाऱ्यावरून शोधण्यात वेळ घालवू नये.

उत्तरेला ग्राँ बे येथे बाजार, उपाहारगृहे, भारतीय जेवण सारे हाताशी आहे. परंतु खाडीत बोटींची दाटी असल्याने डुंबण्याची मजा नाही. मुक्काम तेथे ठेवून पोहायला जवळच्या पेरेबेर, माँ शुआझी किंवा त्रू ओ बिशला जाणे उत्तम. त्रू ओ बिशचा उतार हळुवार आहे.

पूर्वेचा बेल मार सूर्योदयासाठी आणि मोकळ्या, लांब वाळूसाठी प्रसिद्ध. उन्हाळ्यात अवश्य निवडावा. ऑगस्टमध्ये वाऱ्याची तयारी ठेवून. त्याच बाजूला इल ओ सेर्फ हे छोटे बेट आहे. जवळपास प्रत्येक पॅकेजमध्ये ते असते आणि म्हणूनच दुपारी तेथे जत्रा भरलेली असते. पहिल्या बोटीने गेलात, तर बेट आवडेल.

विमानतळाजवळच्या ब्लू बे येथे प्रवाळ पाहण्यासाठी काचेच्या तळाच्या बोटी मिळतात. हे संरक्षित सागरी उद्यान २००८ पासून रामसर यादीत आहे. जवळच्याच पॉइंट देस्नीसमोर २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे जहाज प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. जी भिंत किनाऱ्याला राखते तीच किती नाजूक आहे, हे तेव्हा जगाला दिसले. पोहताना प्रवाळावर उभे राहू नये, तुकडे उचलून आणू नयेत.

दक्षिणेला सुइयाकजवळच्या ग्री ग्री येथे भिंतच नाही. काळ्या कड्यांवर फुटणाऱ्या लाटा पाहण्यासाठी जरूर जावे, पण वरूनच. सहलीच्या बसमधून उतरताच फोटोसाठी पाण्याकडे धावणाऱ्यांना आवरण्याचे काम गटप्रमुखाने करावे.

शांत लगूनमध्येही रबरी तळव्याचे बूट घालावेत. तळाशी काटेरी सी अर्चिन असतात आणि क्वचित दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही. त्याचा काटा रुतला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे. येथे भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो, तरी ओहोटीच्या वेळी लगून गुडघाभर होते आणि खडक उघडे पडतात. पोहायचे ते भरतीला.

नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी दर चढे असतात हे तर लक्षात घ्यावेच, शिवाय चक्रीवादळांचा काळ तेव्हा सुरू झालेला असतो. १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’ वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या होत्या. अशा वेळी भिंतीआतला समुद्रही शांत राहत नाही, आणि इशारा जाहीर झाला की हॉटेलबाहेर पडू नये.

राहिला प्रश्न महागड्या हॉटेलांच्या ‘खासगी’ किनाऱ्यांचा. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेखालची वाळू सर्वांची आहे; हॉटेलच्या खुर्च्या त्याच्या पाहुण्यांच्या, समुद्र नव्हे. शिवाय सार्वजनिक म्हणून घोषित केलेले किनारे आहेतच. तेव्हा मुक्काम साध्या हॉटेलात असला, तरी वाऱ्याची दिशा पाहून सकाळी टॅक्सीने दुसऱ्या बाजूला जाता येते. बेट ओलांडायला तास-दीड तास पुरतो.