पांढरी फीत

दिवाळी जवळ आली, की आमच्या घरी नातवंडांची झबली शिवायला काढतात. शिवणाच्या डब्यातली पांढरी फीत दिसली, की माझे मन मात्र १८९६ सालच्या इंग्लंडात जाते.

त्या वर्षी ३० मार्चला रेडिंगजवळ थेम्स नदीतून एका नावाड्याने पुडके ओढून काढले. आत तान्ही मुलगी होती आणि तिच्या गळ्याभोवती अशीच फीत आवळलेली होती. वेष्टनावरच्या पुसट पत्त्यावरून पोलिसांना अमेलिया डायर या बाईचा माग लागला. पैसे घेऊन परक्यांची मुले ‘सांभाळणे’ हा तिचा धंदा!

पण पोलीस तिच्या दारात पोहोचण्यापूर्वीच, ३१ मार्चला, चेल्टनहॅमच्या एका अविवाहित आईने आपली तान्ही मुलगी, दहा पौंड आणि कपड्यांची पेटी विश्वासाने तिच्या हवाली केली. मुलगी त्याच दिवशी मारली गेली. दुसऱ्या दिवशी तीच फीत सोडवून एका मुलाच्या गळ्याला आवळण्यात आली.

घरझडतीत फीत सापडली, मुलांची खुशाली विचारणारी आयांची पत्रे सापडली, आणि बाळांचे कपडे गहाण टाकल्याच्या पावत्याही! ज्यूरीला निकाल द्यायला पाच मिनिटेही लागली नाहीत. १० जूनला न्यूगेटच्या तुरुंगात डायरला फाशी झाली. १८९७ साली अशा बालकांच्या रक्षणाचा कायदा अधिक कडक झाला.

परंतु आईला मूल लपवायला लावणारी लोकलाज कोणत्या न्यायालयापुढे उभी राहिली? ती पेटी भरताना त्या माउलीने प्रत्येक अंगड्याची घडी घातली असेल, ती बाळाला ऊब मिळावी म्हणूनच ना?