पगारातून कापले जाणारे दोनशे रुपये

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराची एक ओळ असते. बहुतेकांचे दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. या कपातीचं मूळ शोधत गेलं तर आपण सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात पोचतो.

१८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रजांनी दुष्काळ संहिता केली. तिच्यानुसार कामं निघत, पण सरकारने दुष्काळ जाहीर केल्यावरच. तोवर उपाशी माणसाने वाट बघायची. आणि बऱ्या पावसाच्या वर्षीही सुगी संपली की भूमिहीन मजुराच्या हाताला काम नसे, त्याचं काय? विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. मागेल त्याला काम देता येईल का, याचा प्रयोग साठच्या दशकात तासगाव तालुक्यात झाला.

मग १९७२चा दुष्काळ आला. खडी फोडणारे हात, मुकादमाचा हजेरीपट, मुलांच्या वाटीतली सुकडी हे सारं त्या पिढीला अजून आठवतं. मे १९७३मध्ये जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. एवढ्या लोकांना काम पुरवता येतं, हे तेव्हा सिद्ध झालं.

पण मागेल त्याला कायम काम द्यायचं, तर पैसा कुठून आणायचा? १९७५मध्ये व्यवसाय कर बसला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराची मजुरी उचलायची आणि शासनाने तेवढीच भर घालायची. मला या कुळकथेतला हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. ही मदत कुणाच्या दयेवर सोडलेली नव्हती, तिच्यासाठी पैशाची कायमची तजवीज होती.

१९७७मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता, दिवसाला किमान एक रुपया. रक्कम क्षुल्लक होती आणि प्रत्यक्षात ती फार थोड्यांच्या हाती पडली. तरीही काम न देणं ही सरकारची चूक, असं कायद्यात प्रथमच लिहिलं गेलं होतं. बाईलाही पुरुषाइतकाच दर मिळाला, आणि पाझर तलाव, नालाबांध, रस्त्यांच्या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या.

२००५मध्ये केंद्राने या धर्तीवर देशभरासाठी कायदा केला. त्यात कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची हमी होती. त्यापुढच्या दिवसांची हमी महाराष्ट्राने स्वतःकडे ठेवली.