आगगाडी, छापील पोथी आणि आपलं पाठांतर

आपली दिंडी अहमदपुरातून पहिल्यांदा निघाली तेव्हा आपला तालुका निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होता. वाहनं नव्हती म्हणून जुने लोक पायी गेले, असं आजची पोरं समजतात. पण बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९०६ साली पंढरपूरला आणि १९११ साली लातूरला पोचली होती. लातूरला बसावं, कुर्डुवाडीवरून पंढरपूर गाठावं, ही सोय दिंडीच्या आधीच झालेली. तरी आपल्या माणसांनी पताका खांद्यावर घेतली आणि पायवाट धरली. गाडीनं जाणारेही माळकरीच, त्यांना कोणी कमी लेखू नये. पण वाटेवरचं भजन, गावोगावची भाकरी आणि मुक्कामाचा हरिपाठ गाडीत मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पोथीचंही असंच झालं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली. १८६९ साली सरकारी मदतीनं तुकोबांची गाथा मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून निघू लागली. हातानं लिहिलेली पोथी एखाद्याच घरी असायची, छापील पोथी गोरगरिबांच्या देव्हाऱ्यात आली. हा मोठाच उपकार. पण पोथी हाताशी आली की पाठ करायची निकड कमी होते. विष्णुबुवा जोग महाराजांनी गाथा अर्थासह छापून दिली आणि १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्थाही काढली. पुस्तक आणि पाठांतर, दोन्ही त्यांनी सांभाळलं.

आता सगळी गाथा मोबाईलमध्ये मावते. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली लेकरं तिथूनच कीर्तन ऐकतात, याचा आम्हाला आनंदच आहे. तरी वडीलधाऱ्यांच्या मनात धाकधूक आहे आणि ती उगीच नाही. दिंडीत एका ओळीनं चरण म्हणायचा, दुसरीनं तो उचलायचा. दोन्ही हात टाळात, वरून पाऊस. तिथं मोबाईल धरायचा कशानं? चरण मुखात नसला तर टाळकरी नुसता टाळ वाजवत चालतो. असे चार जण झाले की भजन लाऊडस्पीकरवर सोडावं लागतं. मग चालीही जातात, कारण चाल जाणत्या माणसाशेजारी उभं राहूनच अंगी मुरते, आणि अशी माणसं आता थोडी उरलीत.

यंत्रावर रागावून काही होणार नाही. जाणत्यांच्या चाली मोबाईलवर भरून ठेवू या. आणि पुढच्या आषाढीआधी प्रत्येक टाळकऱ्याचा हरिपाठ तोंडपाठ झाला पाहिजे. रोज सांजेला देवळात अर्धा तास बसलो तरी जमतंय.

रामकृष्णहरी.