शेवटच्या ओळीतला आकडा : स्लाइडचा इतिहास आणि आपण



गेल्या महिन्यात माझं सहामाही प्रगती सादरीकरण झालं. ३४ स्लाइड्स, छान निळी पार्श्वभूमी, प्रत्येक मुद्दा बाजूने सरकत येणारा. सगळं संपल्यावर समितीतल्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "हा निष्कर्ष किती नमुन्यांवरून काढलाय?"

उत्तर स्लाइडवर होतं. पण २१ व्या स्लाइडच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात : तीन नमुने. खरं सांगते, लपवायचा हेतू अजिबात नव्हता. साच्यात तिथे जागा उरली होती, म्हणून ती ओळ तिथे गेली. पण हा साचा आला कुठून? ते शोधताना जे वाचलं, ते आज सांगतेय.

आधी चित्र होतं, शब्द बोलणाऱ्याचे होते

स्लाइड ही संगणकापेक्षा फार जुनी गोष्ट आहे. १७ व्या शतकात युरोपात 'मॅजिक लँटर्न' आला. काचेवर रंगवलेलं चित्र, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पडदा. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याच्या १६५९ च्या कागदांत अशा चित्रांची रेखाटनं सापडतात. आपल्याकडे १९ व्या शतकाच्या शेवटी कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने असे खेळ केले. काचेवरची चित्रं पुढे सरकत आणि सोबत पौराणिक कथा सांगितली जाई.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. काचेवर फक्त चित्र होतं, गोष्ट माणूस सांगत होता. पुढे फोटोच्या ३५ मिलिमीटर स्लाइड्स आल्या, तेव्हाही फोटो काढा, फिल्म धुवा, चौकटीत बसवा, एवढा खटाटोप असायचा. त्यामुळे कोणती स्लाइड खरंच हवी, हा विचार आपोआप व्हायचा.

१९८७ : साचा आला

पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी आली. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत ती बनवली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. पहिली आवृत्ती कृष्णधवल होती. तिचं मुख्य काम म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक पानांसाठी छापील प्रत तयार करणं. गिऱ्हाईक होतं कार्यालयात बैठका घेणारा माणूस.

वर छोटं शीर्षक, खाली ठिपके लावलेल्या ओळी, त्यांच्या पोटात आणखी लहान अक्षरातल्या ओळी, ही मांडणी तिथे रुळली आणि तशीच आपल्या प्रयोगशाळांत शिरली. बैठकीची विषयपत्रिका दाखवायला ती ठीक आहे. पण पुरावा आणि निष्कर्ष यांचं नातं दाखवायला? इथे खरी अडचण सुरू होते.

२००३ : ती एक स्लाइड

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान झेपावलं. कल्पना चावला त्यात होत्या. उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधला आणि तो स्लाइड्सवर मांडला.

त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. आपली गणितं नुकसान प्रत्यक्षापेक्षा जास्तच धरतात, असा त्याचा सूर. खाली ओळींच्या पायऱ्या. सर्वात खालच्या पायरीवर, शेवटच्या ओळीत खरी बातमी होती : ज्या चाचण्यांवर हे सगळं आधारलेलं होतं त्यांतला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि इथे आकार धरला होता १९२० घनइंच. म्हणजे ६४० पट! शीर्षक जे सांगत होतं, त्याचा पायाच शेवटची ओळ काढून घेत होती.

१ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटलं. सातही अंतराळवीर गेले.

हे स्लाइडमुळे घडलं असं म्हणणं चूक ठरेल. पंख फोमने फोडला आणि निर्णय माणसांनी घेतले. पण चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तिची ओळ न् ओळ तपासली आणि ठिपक्यांच्या उतरंडीत महत्त्वाचं विधान कसं गाडलं जातं ते दाखवलं. हे वाचताना मला माझी २१ वी स्लाइड आठवली. प्रमाण वेगळं, चूक तीच.

मग करायचं काय?

मायकेल अ‍ॅली या अमेरिकी अध्यापकांनी शास्त्रीय सादरीकरणासाठी एक पद्धत मांडली आहे. शीर्षकाच्या जागी पूर्ण वाक्यात तुमचं विधान लिहा आणि खाली ठिपक्यांऐवजी त्याचा दिसणारा पुरावा द्या : आलेख, फोटो, आकृती. बाकीचं तोंडाने सांगा. म्हणजे एका अर्थी पुन्हा कल्याणच्या पटवर्धनांकडेच आलो की!

मी ती स्लाइड नव्याने केली. आधी शीर्षक होतं 'निकाल'. आता आहे : 'तिन्ही नमुन्यांत चालकता वाढली, पण तीन नमुने पुरेसे नाहीत.' खाली आधी सरासरीचा जाडजूड स्तंभ होता. स्तंभ कसा भरभक्कम दिसतो, पण आत तीन नमुने आहेत की तीनशे हे तो सांगत नाही. आता तिथे फक्त तीन ठिपके आहेत, प्रत्येक नमुन्याचा एक. स्लाइड रिकामी दिसते, कारण माझ्याकडची माहितीच तेवढी आहे. सरांनी ती बघितली आणि म्हणाले, "अगं, आता पहिला प्रश्न यावरच येणार." मी म्हटलं, "येऊ दे ना सर, तोच यायला हवा." पुढचे नमुने करायचं वेळापत्रक आम्ही त्याच दिवशी ठरवलं.

तुम्ही संशोधन प्रस्तावाची तयारी करत असाल तर आज एवढंच करा. आपली सर्वात महत्त्वाची स्लाइड उघडा आणि आधी शेवटची ओळ वाचा. ती वरच्या शीर्षकाला खोटं पाडत असेल, तर तीच ओळ वर न्या. रंग आणि अ‍ॅनिमेशन नंतर बघू.

भेटूया पुढच्या लेखात.