पंत, अप्पासाहेब

पंत, अप्पासाहेब बाळासाहेब : (१९१२–१९९२). भारतीय मुत्सद्दी, औंध संस्थानातील ग्रामराज्याच्या प्रयोगाचे एक प्रवर्तक आणि लेखक. इंग्रजी लेखनात ‘अपा पंत’ या नावाने परिचित. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे ते पुत्र. भवानराव स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे हाडाचे प्रचारक होते आणि औंधच्या वस्तुसंग्रहालयाचे संस्थापकही. अशा वडिलांच्या घरात वाढलेल्या अप्पासाहेबांचे उच्च शिक्षण ऑक्सफर्डला झाले. बॅरिस्टर होऊन ते १९३७च्या सुमारास परतले. १९४८ पासून पुढची सत्तावीस वर्षे त्यांनी परराष्ट्रसेवेत काढली. पण त्या कारकिर्दीचा उगम औंधच्या ७२ खेड्यांत शोधावा लागतो.

औंध संस्थान सलग नव्हते. आटपाडी, कुंडल, किन्हई असे त्याचे तुकडे विखुरलेले होते आणि गुणदाळचा भाग तर पार विजापूरकडे. मुलूख दुष्काळी, तिजोरी बेताची. १९३८ साली भवानरावांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याचे ठरवले. पोलंडहून भारतात आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची अप्पासाहेबांना साथ मिळाली आणि राज्यघटनेचा आराखडा घेऊन ते सेवाग्रामला महात्मा गांधींकडे गेले. गांधींच्या मार्गदर्शनाने घडलेली घटना जानेवारी १९३९ मध्ये अमलात आली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुका समिती व्हायची आणि तिथून प्रतिनिधी विधिमंडळात जायचे, अशी ती रचना होती. मताधिकाराला साक्षरतेची अट घातली गेली. या अटीमुळे काही काळ अनेकजण मतदानापासून दूर राहिले, हे तिचे उणेपण मानावे लागेल. मात्र तिच्यामुळे गावोगावी प्रौढांनी अक्षरे गिरवली, हेही तितकेच खरे. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच काळातली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७च्या चित्रपटामागे तिचीच प्रेरणा होती. अप्पासाहेब संस्थानाच्या मंत्रिमंडळात होते. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

त्याच वर्षी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी त्यांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतील भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवले. हे काम अवघड होते. केनियात गोरे मळेवाले वरच्या पायरीवर, दुकानदारी, रेल्वे आणि कारकुनीत स्थिरावलेले गुजराती व पंजाबी मधल्या पायरीवर आणि जमीन गमावलेले आफ्रिकी तळाशी, अशी समाजाची उतरंड होती. तिथल्या भारतीयांनी आफ्रिकी जनतेचे हित आधी पाहावे, तिच्या संमतीनेच तिथे राहावे, ही नेहरूंची भूमिका. ती आपल्याच माणसांच्या गळी उतरवणे हे ब्रिटिश गव्हर्नरशी बोलण्याहून कठीण होते. अप्पासाहेबांनी ते टाळले नाही. जोमो केन्याटा, म्बियू कोइनांगे या नेत्यांशी त्यांनी मैत्री जोडली आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळवून देण्यासाठी खटपट केली. नैरोबीत गांधींच्या स्मरणार्थ उभ्या राहत असलेल्या शिक्षणसंस्थेला त्यांचा पाठिंबा होता. ही संस्था पुढे रॉयल टेक्निकल कॉलेजात सामील झाली आणि त्या कॉलेजातूनच नैरोबी विद्यापीठ वाढले.

ऑक्टोबर १९५२ मध्ये माऊ माऊ या ब्रिटिशविरोधी उठावामुळे केनियात आणीबाणी पुकारली गेली आणि केन्याटांना अटक झाली. त्यांच्या बचावासाठी भारतातून दिवाण चमनलाल गेले. आयुक्तांची आफ्रिकी नेत्यांशी असलेली ऊठबस वसाहती सरकारला आधीपासूनच खुपत होती, आता ती असह्य झाली. लंडनचे दडपण वाढत गेले आणि १९५४ मध्ये अप्पासाहेबांनी नैरोबी सोडले. पद्मश्री सन्मान त्याच वर्षीचा. परक्या देशात दूताने तिथल्या राजकारणात किती शिरावे हा वाद जुना आहे. पण ज्यांच्या हाती उद्या देश जाणार होता त्यांना ओळखण्यात अप्पासाहेब चुकले नाहीत. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा सत्ता केन्याटांकडेच आली.

१९५५ ते १९६१ या काळात ते गंगटोकला राजकीय अधिकारी होते. सिक्कीम आणि भूतानशी असलेले संबंध, तसेच तिबेटमधील यातुंग, ग्यांत्से व ल्हासा येथील भारतीय कचेऱ्यांवरील देखरेख त्यांच्याकडे होती. १९५६ मध्ये बुद्ध जयंतीच्या सोहळ्यासाठी दलाई लामा नथु ला ओलांडून भारतात आले. सप्टेंबर १९५८ मध्ये नेहरू आणि इंदिरा गांधी याच खिंडीतून, चुंबी खोऱ्यातून भूतानमधील पारोला गेले. त्या खडतर प्रवासात अप्पासाहेब बरोबर होते. तिबेटी समाजाबद्दल त्यांना मनापासून आपुलकी होती आणि दिल्लीचे धोरण चीनशी मैत्रीचे होते. हा ताण त्यांच्या गंगटोकच्या वर्षांवर सतत राहिला. १९५९ नंतर तिबेटमधून निर्वासितांचे लोंढे सुरू झाले, तेव्हा औंधचे जुने सहकारी फ्रीडमनही तिबेटींच्या पुनर्वसनाच्या कामात उतरले.

पुढे इंडोनेशिया, नॉर्वे व इजिप्त या देशांत ते राजदूत होते; १९६७चे अरब-इस्रायल युद्ध त्यांच्या कैरोतील काळात झाले. १९६९ ते १९७२ लंडनमध्ये उच्चायुक्त असताना बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाचे दिवस आले. इटलीतील नेमणुकीनंतर १९७५ मध्ये ते निवृत्त झाले.

वडिलांचा सूर्यनमस्काराचा वारसा त्यांनी आयुष्यभर सांभाळला आणि त्यावर पुस्तकही लिहिले. ‘अ मोमेंट इन टाइम’ (१९७४) आणि ‘अनडिप्लोमॅटिक इन्सिडंट्स’ (१९८७) ही त्यांची आठवणींची पुस्तके. ‘ॲन अनयूज्वल राजा’ (१९८९) या पुस्तकात औंधच्या प्रयोगाची हकिगत त्यात प्रत्यक्ष राबलेल्या माणसाच्या तोंडून मिळते. पंचायतराज्याच्या अभ्यासकाने सुरुवात तिथून करावी.