टिपणे दलालांची, सूची गांधींची

बडोद्याच्या काही मराठी घरांतील जुन्या कपाटांत गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा एखादा खंड अजून सापडतो. आतील संस्कृत-प्राकृत मजकूर आपल्यापैकी थोड्यांनीच वाचला असेल. शीर्षकपृष्ठ तरी सर्वांनी वाचावे, असे आम्हांस वाटते.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९१६ साली राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने ही माला सुरू झाली. तिच्या संपादकांपैकी एक चिमणलाल दलाल. पाटण व जेसलमेर येथील जैन भांडारांतील पोथ्या तपासून त्यांनी विपुल टिपणे केली आणि १९१८ साली ते निवर्तले. ती टिपणे कोणी आपली म्हणून छापली असती, तर हरकत घ्यायला दलाल थोडेच येणार होते!

जेसलमेरची सूची १९२३ साली निघाली, ती दलालांच्याच नावाने. पाटणच्या सूचीस १९३७ साल उजाडले. मधल्या एकोणीस वर्षांनंतरही ती कैलासवासी दलालांच्या टिपणांवरून सिद्ध केल्याचे शीर्षकपृष्ठावर नमूद आहे. प्रस्तावना, निर्देशसूची व परिशिष्टे तेवढी पंडित लालचंद्र गांधींची. ‘भविसयत्तकहा’ हे अपभ्रंश काव्य दलालांनी संपादनास घेतले व पुण्याच्या प्रा. पां. दा. गुणे यांनी पुरे केले. १९२३ साली ग्रंथ बाहेर पडला तेव्हा गुणेही हयात नव्हते. हक्क सांगायला दोघांपैकी कोणीच नव्हते, तरी नावे दोघांचीही आली.

दलालांच्या लेखनावरील स्वामित्वाची मुदत केव्हाच सरली आहे. शिवाय २००२ पासून ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे मुक्त परवाने आले, आणि हयात लेखकही आपले शैक्षणिक साहित्य खुले करू लागले. त्यांतील बहुतेक परवान्यांची एक अट अशी : कर्ता कोण, मूळ कोठले, परवाना कोणता आणि आपण बदल काय केला, हे सांगा. परवान्याचा उल्लेख सोडला, तर बाकीचे बडोद्याच्या शीर्षकपृष्ठांवर पूर्वीच छापले जात होते.

हल्ली स्मरणिकांतून व शालेय टिपणांतून ‘इंटरनेटवरून साभार’ एवढेच आढळते. हे म्हणजे ग्रंथाऐवजी कपाटाचे आभार मानणे झाले. पाटणच्या सूचीतून चार ओळी घेतल्या, तर लिहायचे ते असे : टिपणे चि. डा. दलाल, सिद्धता ला. भ. गांधी, बडोदे, १९३७. मराठी अनुवाद व संक्षेप आमचा.